पावलाचे माप

कड्याच्या टोकाशी येऊन उभे राहिल्यावर समोरची फट किती रुंद आहे, ती उडी मारून ओलांडता येईल की नाही, आणि येत असेल तर जागच्या जागी मारलेली उडी पुरेल की मागून धावत यावे लागेल, हा प्रश्न 'टूम रेडर' या गेममध्ये पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत इतक्या वेळा समोर येतो की, काही दिवसांनी खेळणाऱ्याचे मन डोळ्यांच्याही आधी पावले मोजू लागते. या गेमच्या लेव्हल्सविषयी, म्हणजे त्यातील एकेका टप्प्याच्या रचनेविषयी, गेली अनेक वर्षे रसिकांमध्ये जे मतभेद चालत आले आहेत, त्यांचा निवाडा मला या एका मोजणीतच सापडतो. म्हणून या प्रकरणाचा आरंभ त्या कड्यापासून केला आहे.

इंग्लंडमधील डर्बी या शहरात 'कोअर डिझाइन' या संस्थेत हा गेम तयार झाला आणि १९९६ साली तो सेगा सॅटर्न, प्लेस्टेशन आणि घरगुती संगणक अशा तिन्ही यंत्रांवर लोकांच्या हाती आला. त्याची निर्मिती करणारी मंडळी जेमतेम अर्धा डझन होती. लारा क्रॉफ्ट हे पात्र टोबी गार्ड यांच्या कल्पनेतून उतरले. पॉल डग्लस आणि गॅव्हिन रमरी यांनी प्रोग्रॅमिंगचा भार उचलला. नील बॉइड आणि हेदर गिब्सन यांनी भिंती, भुयारे, मंदिरे आणि तळी उभी केली. आणि रमरी यांनी त्यासाठी एक स्वतंत्र संपादक, म्हणजे खोल्या बांधण्याचे अवजार, रचून दिले. पेरू, ग्रीस, इजिप्त आणि अखेरीस अटलांटिस अशा चार मुलुखांत विभागलेले पंधरा टप्पे एवढ्या थोड्या हातांनी बांधून काढले, ही गोष्ट आजच्या शेकडो माणसांच्या फौजेने बनणाऱ्या गेम्सच्या काळात मुद्दाम सांगण्याजोगी आहे. कारण थोड्या माणसांना अवाढव्य काम उरकायचे असेल तर त्यांना प्रथम एक कायदा करावा लागतो आणि तो स्वतः कसोशीने पाळावा लागतो.

तो कायदा चौकटीचा होता. या गेममधील सारी जमीन, मग ती गुहेतील ओबडधोबड वाट असो की राजवाड्याचे अंगण, एकाच मापाच्या चौरसांत आखलेली आहे. चौरसाची बाजू संगणकाच्या हिशेबात १०२४ एकके, आणि उंचीची नेहमीची पायरी त्याच्या पाव हिश्शाची, म्हणजे २५६ एककांची, जिला लेव्हल बांधणारे लोक 'क्लिक' म्हणतात. आपल्याकडील जुनी जमीनमोजणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात परके असे काही वाटणार नाही: तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, या हिशेबाने मोजणीदाराने साऱ्या गावाचे शिवार जसे एका साखळीच्या धाग्यात ओवले, तसेच डर्बीतल्या या मंडळींनी आपले काल्पनिक जग एका चौकटीच्या धाग्यात ओवले. पण त्यांनी त्याहून एक पाऊल पुढे टाकले, आणि त्यांची खरी प्रतिभा मला तेथेच दिसते. जमीन मोजणाऱ्या साखळीनेच त्यांनी जमिनीवर चालणाऱ्या माणसाचे शरीरही मोजून घेतले. लाराने जागच्या जागी मारलेली उडी एका चौरसाची फट ओलांडते. धावत येऊन मारलेली उडी दोन चौरसांची. आणि धावत येऊन, हवेत असतानाच हात पुढे करून पलीकडची कड पकडली तर तीन चौरसांची. यात नशिबाचा भाग नाही. आज पुरलेली उडी उद्या कमी पडत नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एकदा जवळून पाहू. समोर दोन चौरसांची फट आहे आणि खाली अंधार. खेळाडू चालण्याची कळ दाबून ठेवतो. ही कळ दाबलेली असेतो लारा कडेवरून खाली पडत नाही, टोकाशी येऊन थांबते, आणि त्यामुळे आपण चौरसाच्या अगदी शेवटच्या रेषेवर उभे आहोत याची खात्री होते. मग कळ सोडून मागे जाण्याची कळ एकदाच दाबायची: लारा पाठीमागे एक टुणकन उडी घेते, आणि ती उडी तिला धावेसाठी लागणारे नेमके अंतर मागे नेऊन ठेवते. आता पुढची कळ, आणि पहिले पाऊल पडताच उडीची कळ दाबून धरायची. उडीची कळ आधी दाबली म्हणून लारा लगेच उडत नाही. धावेची पावले पुरी झाल्यावर, कडेच्या रेषेवर पाय आल्यावरच ती झेप घेते. तीन चौरसांची फट असेल तर हवेत असताना आणखी एक कळ, पकडण्याची. बोटे कडेला टेकल्याचा तो आवाज, मग क्षणभर लोंबकळणे, मग अंग वर ओढून घेणे. मी हे प्रथम खेळलो तेव्हा शाळेच्या चौकटीच्या वहीत पेन्सिलीने खोल्यांचे नकाशे काढत असे, आणि वहीतील चौकट व पडद्यावरील चौकट एकमेकींशी तंतोतंत जुळतात हे ध्यानात आले त्या दुपारचा आनंद मी अजून विसरलेलो नाही.

या रचनेवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की, लारा माणसासारखी न वळता अवजड गाडीसारखी वळते. खेळाडूला दिशा द्यायची तर आधी तिला जागेवर फिरवावे लागते, मग चालवावे लागते, आणि हे सारे अंगवळणी पडेपर्यंत कित्येकांचा धीर सुटतो. आक्षेप खोटा नाही. त्याच १९९६ साली निन्टेन्डोने 'सुपर मारिओ ६४' प्रसिद्ध केला होता, आणि त्यातील मारिओ हातातल्या दांडीच्या लहानशा हालचालीसरशी हळू चालत असे, धावत असे, गिरक्या घेत असे. त्या मोकळेपणापुढे लारा ताठर भासली तर नवल नाही. परंतु मारिओची उडी वेगावर, दिशेवर, दाबाच्या कालावर अवलंबून लांबते आणि आखडते, म्हणून त्याचे जग ऐसपैस आणि क्षमाशील ठेवावे लागते. लाराची उडी ठरलेली आहे, म्हणून तिचे जग काटेकोर ठेवता येते, आणि काटेकोर जगातच वास्तूचे वाचन शक्य होते. खेळाडू दालनात येतो, थांबतो, वर पाहतो, एखादा सज्जा, एखादा तुटलेला खांब, एखादी उतरती शिळा न्याहाळतो, आणि हलण्यापूर्वीच मनाशी निश्चय करतो: येथून तेथे जाता येईल, तेथून पलीकडे नाही. पडला तर दोष कोणाला द्यायचा, याविषयी संदेह राहत नाही. मला तरी या ताठरपणाची किंमत पुरेपूर वसूल झाली असे वाटते.

आता टप्प्यांकडे वळू. सर्वोत्कृष्ट लेव्हल कोणती, या वादात दोन नावे हटकून पुढे येतात: पेरूमधील 'लॉस्ट व्हॅली' आणि ग्रीसमधील 'सेंट फ्रान्सिस फॉली'. माझे मत निःसंशय दुसरीच्या बाजूने आहे, आणि त्याची कारणे विस्ताराने सांगण्याची परवानगी वाचकांनी द्यावी.

फॉलीचा आरंभ खांबांच्या एका दालनाने होतो. तेथे सिंह आहेत, वानर आहेत, पाय ठेवताच उघडणारे आणि थोड्याच वेळात मिटणारे दरवाजे आहेत, आणि एवढेच असते तर ही लेव्हल चांगली पण सामान्य म्हणून विस्मरणात गेली असती. परंतु त्या दालनातून पुढे सरकताच लारा एका विहिरीच्या माथ्यावर येते. विहीर म्हणजे पाण्याची नव्हे. दगडी, चौकोनी, खोल, तळ अंधारात बुडालेला, आणि भिंतींतून ठिकठिकाणी बाहेर आलेले सज्जे, कठडे आणि पायऱ्यांचे तुकडे. त्या काळच्या यंत्रांना दूरचे दृश्य रेखाटणे झेपत नसे, म्हणून काही चौरसांपलीकडे सारे काळोखात विरून जाई. येथे ती यंत्राची उणीव रचनाकारांनी अशा खुबीने वापरली की, तळ दिसत नाही म्हणूनच खोली अमर्याद भासते. या विहिरीच्या अंगाखांद्यावर निरनिराळ्या उंचीवर चार दरवाजे आहेत आणि त्यांवर चार नावे: नेपच्यून, अ‍ॅटलस, डॅमोक्लीस आणि थॉर. प्रत्येक दरवाजा कुठल्या तरी सज्ज्यावरील कळीने उघडतो, प्रत्येक खोलीत एक किल्ली आहे, आणि चारही किल्ल्या तळाशी असलेल्या कुलपांत घातल्याशिवाय पुढची वाट खुली होत नाही.

ही योजना किती साधी आणि तिचा परिणाम किती गहन आहे, याचा विचार करावा. खेळाडू एकाच जागेत वर-खाली येरझारा घालतो. जो सज्जा पहिल्यांदा केवळ उतरण्याची पायरी म्हणून वापरला, तोच तिसऱ्या वेळी दरवाजाकडे नेणारा पूल ठरतो. आणि तासाभराने ती विहीर त्याला स्वतःच्या वाड्यातील जिन्यासारखी पाठ होते. चारही खोल्यांचे स्वभाव निराळे. नेपच्यूनच्या खोलीत खोल पाण्यात बुडी मारून कळ ओढायची आणि श्वास संपण्यापूर्वी परतायचे. अ‍ॅटलसच्या खोलीत प्रचंड गोल धोंडा पाठीमागून गडगडत येतो. थॉरच्या खोलीत डोक्यावरील गोळ्यातून वीज कोसळते आणि पुढे अवाढव्य हातोडा वाट पाहत असतो. आणि डॅमोक्लीसच्या खोलीत, जी मला चौघींत श्रेष्ठ वाटते, काहीच घडत नाही: लारा आत जाते, किल्लीपर्यंत चालत जाते, आणि ज्याने आत येताना मान वर करून पाहिले असेल त्यालाच छताला टांगलेल्या तलवारी दिसलेल्या असतात. किल्ली उचलली की त्या पडू लागतात. परतीची तीच वाट, तेच चौरस, परंतु आता प्रत्येक चौरसावर पाय ठेवण्यापूर्वी वर पाहावे लागते. रचनाकाराने नवीन भिंत बांधली नाही, नवीन प्राणी सोडला नाही. केवळ एकाच जमिनीचा अर्थ पालटला.

ग्रीक वास्तूत थॉर हा उत्तरेकडील नॉर्स दैवत कसा आला, असा प्रश्न सुज्ञ वाचकाला पडेल, आणि तो रास्त आहे. २००७ साली अमेरिकेतील 'क्रिस्टल डायनॅमिक्स' या संस्थेने 'टूम रेडर: अ‍ॅनिव्हर्सरी' या नावाने मूळ गेमचा जो नवा अवतार काढला, त्यात ही चूक दुरुस्त झाली, थॉरच्या जागी हेफेस्टस आला आणि नेपच्यूनचा पोसायडन झाला. विद्वत्तेच्या दृष्टीने ही दुरुस्ती योग्य होय. नव्या फॉलीची विहीर अधिक भव्य, अधिक उजळ आणि दिसायला मोहक आहे हेही मी मान्य करतो. परंतु त्या अवतारात चौकट गेली. कोणती कड पकडता येते ते दगडावरील खुणेवरून कळते, आणि उडी थोडी चुकली तरी लारा सावरून घेते. त्यामुळे खेळाडू अंतर न मोजता खुणा शोधत जातो. मूळ विहिरीत मी वास्तू वाचत होतो. नव्या विहिरीत पाट्या वाचत होतो. ज्यांनी नवी प्रथम खेळली त्यांना माझे हे मत कठोर वाटेल, आणि त्यांचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही.

'लॉस्ट व्हॅली'च्या पक्षाचे म्हणणे मात्र आदराने ऐकले पाहिजे. दोन टप्पे अरुंद भुयारांत, लांडगे, वटवाघळे आणि अस्वले यांच्या संगतीत काढल्यानंतर लारा अचानक एका विस्तीर्ण हिरव्या दरीत उतरते. आधी माणसाच्या उंचीचे दोन पायांचे सरडे चालून येतात, खेळाडू त्यांतून सुटल्याच्या समाधानात असतो, आणि मग जमीन हादरवीत काळोखातून टायरॅनोसॉरस बाहेर पडतो. नेथन मॅक्री यांचे संगीत एरवी या गेममध्ये फार कमी वाजते, बहुतेक वेळ लाराच्या पावलांचा आणि गुहेतील वाऱ्याचाच आवाज ऐकू येत असतो, म्हणून त्या क्षणी ते उसळून येते तेव्हा अंगावर काटा येतो. परंतु लोकांच्या स्मरणात केवळ तो राक्षसी प्राणी राहिला आणि दरीची खरी करामत दुर्लक्षित राहिली याचे मला वाईट वाटते. दरीत विखुरलेली तीन दातेरी चाके शोधून आणायची, धबधब्याच्या माथ्याजवळील जुन्या यंत्रात बसवायची, कळ ओढायची, आणि मग ज्या धबधब्याला आपण आल्यापासून केवळ शोभा समजत होतो त्याचा प्रवाह दुसरीकडे वळून त्याच्या पाठीमागची वाट उघडी पडते. प्राण्याने टाळ्या घेतल्या. माझ्या मते मान धबधब्याचा आहे.

ग्रीसमधील पुढचे टप्पे याच विचाराचे धडे आहेत. 'पॅलेस मिडास'मध्ये मिडास राजाच्या भग्न पुतळ्याचा तुटलेला हात जमिनीवर पडलेला आहे. शिशाच्या विटा त्यावर ठेवल्या की सोन्याच्या होतात, आणि कुतूहलाने लारा स्वतःच त्या तळहातावर चढली तर तीही सोन्याची होऊन जागीच थिजते. 'सिस्टर्न'मध्ये एकाच प्रचंड हौदातील पाणी कधी चढवावे आणि कधी उतरवावे लागते, आणि कोरड्या हौदात जी भिंत दुर्लंघ्य होती ती भरल्या हौदात पोहत ओलांडता येते. इजिप्तमधील 'ओबेलिस्क ऑफ खमून' हे फॉलीचेच भावंड: मधोमध उंच स्तंभ, त्यात चार पवित्र वस्तू, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी चहूबाजूंच्या सज्ज्यांवरून पूल जोडीत जाणे. 'नातलाच्या खाणी' हा टप्पा आणि त्यापुढील अटलांटिस येथे मात्र गोळीबार वाढतो, भिंती मांसासारख्या थरथरतात, अंड्यांतून पंखांचे विद्रूप जीव फुटून बाहेर येतात, आणि विचार करायला उसंत मिळत नाही. शेवटचे टप्पे उतरते आहेत हे बहुमत मला बव्हंशी मान्य आहे.

प्रगती जतन करण्याच्या व्यवस्थेवरूनही वाद आहे. संगणकावर खेळणाऱ्याला गेम कुठेही जतन करता येई. कन्सोलवर त्यासाठी ठरावीक ठिकाणी ठेवलेले निळे स्फटिक गाठावे लागत, आणि एकदा वापरलेला स्फटिक नाहीसा होई. स्फटिकांमुळे प्रत्येक उडीला वजन येते, असे त्यांच्या कैवाऱ्यांचे म्हणणे. पण तीन चौरसांची उडी पंधरा वेळा चुकून पंधरा वेळा तेच दालन पुन्हा चढावे लागल्यावर त्या वजनाचे ओझे होते. मोजणी शिकायची तर चुकण्याची मुभा हवी. या बाबतीत मी संगणकाच्या बाजूचा.

आपल्या देशाचा या मालिकेशी संबंध १९९८ च्या 'टूम रेडर ३' मधून आला. तो गेम सुरू होतो तोच भारताच्या जंगलात, आणि पुढे भग्न मंदिरे, गंगेचे पात्र आणि 'केव्ह्ज ऑफ कालिया' असे टप्पे लागतात. त्या गेममध्ये चौरस कर्णावर दुभंगून जमिनीला नवे चढउतार देण्याची सोय झाली, त्यामुळे निसर्ग अधिक खरा दिसू लागला. परंतु गर्द झाडोऱ्यात कड कोठे संपते तेच दिसेनासे झाले, आणि जी चौकट डोळ्याला दिसत नाही ती असून नसल्यासारखीच. पुढे २००० साली संगणकावरील 'टूम रेडर क्रॉनिकल्स' सोबत लेव्हल बांधण्याचे अवजारच जनतेच्या हाती देण्यात आले, आणि तेव्हापासून हौशी मंडळींनी त्यात हजारो लेव्हल्स रचल्या. एखादे व्याकरण इतके सुबोध असावे की वाचकांनी त्यात स्वतः लिहू लागावे, याहून मोठी पावती दुसरी कोणती?

२०२४ च्या फेब्रुवारीत पहिल्या तीन गेम्सची नवी आवृत्ती आली. तीत एक कळ दाबताच जुने आणि नवे चित्र आलटून पालटून दिसते, आणि गाडीसारखे वळणे ज्यांना नको त्यांच्यासाठी हालचालींची आधुनिक पद्धतीही दिली आहे. जुन्या मंडळींनी त्या पद्धतीविषयी नाराजी व्यक्त केली आणि तिचे कारण सरळ आहे: भिंती, फटी, सज्जे सारे १९९६ च्या मापानेच राहिले, पण मागे घ्यायची ती नेमकी एक उडी नव्या पद्धतीत सहज हाती लागत नाही. साखळी तीच आहे, मोजणीदाराचे पाऊल बदलले आहे.

अटलांटिसविषयी मी वर कठोर बोललो, पण तेथील एका दालनासाठी मी ते सारे टप्पे पुन्हा खेळायला तयार असतो. लारा आत येते आणि समोरच्या बाजूने, कातडी सोललेल्या देहाची, तिच्याच बांध्याची एक आकृती आत येते. लारा डावीकडे गेली की तीही आरशातल्यासारखी सरकते. लारा उडी मारते, ती उडी मारते. लाराने गोळी झाडली तर जखम लारालाच होते. शस्त्र निरुपयोगी आहे. खेळाडू मग पिस्तुले म्यान करतो आणि खोली पाहू लागतो: दोन्ही बाजू सारख्या आहेत, चौरसाला चौरस जुळतो, आणि फरशीत एक जागा अशी आहे की कळ ओढल्यावर ती खालच्या तप्त लाव्ह्याकडे उघडते. मग तो चालण्याची कळ दाबून धरतो, आपल्या बाजूच्या फरशीवर त्या उघड्या जागेच्या बरोबर समोर येणारा चौरस कोणता ते मोजतो, आणि एकेक पाऊल टाकीत तेथवर जातो. पलीकडे तीही तेवढीच पावले टाकीत येते. शेवटचे पाऊल पडते. लाराच्या पायाखाली दगड असतो.